उन्हाळी सुट्टी आणि बाथरूमचं काम : प्रकल्प नोंदी

१० एप्रिल : गळती नेमकी कुठून

घरात दोन बाथरूम. काम मोठीचं आहे, आतून २.४ × १.५ मीटर. तिच्या पलीकडे बेडरूमची भिंत, आणि त्या भिंतीला जमिनीपासून हातभर उंचीपर्यंत पोपडे व पांढरा क्षार. अशी भिंत खरवडून, पुट्टी लावून रंग मारला तर काही महिने बरी दिसते. पाण्याची वाट बंद केलेली नसल्याने डाग त्याच जागी परत येतो. म्हणून आधी तपास, मग तोडफोड.

संशय तिघांवर : नळाची लाइन, सांडपाण्याची लाइन आणि फरशी. एकेक करून तपासलं तरच निकाल लागतो. बाथरूम आठवडाभर बंद ठेवून कोरडी होऊ दिली आणि भिंतीवरच्या ओलीची कड पेन्सिलने आखून घेतली.

पहिली चाचणी लाइनची. घरातले सगळे नळ आणि फ्लशच्या टाकीचा कॉक बंद करून मीटरचा आकडा टिपला. दोन तासांत आकडा हलला नाही, म्हणजे दाबाखालची लाइन ठीक. दुसरी चाचणी सांडपाण्याची. फरशीला थेंबही लागू न देता, नळी थेट नहाणी ट्रॅपमध्ये (जमिनीतलं सांडपाण्याचं तोंड, वास अडवायला त्यात पाणी साठून राहतं) सोडून दोन बादल्या पाणी ओतलं. दुसऱ्या दिवशी पेन्सिलची रेघ जिथल्या तिथे. मग ट्रॅपला बूच लावून फरशीवर २ सेंमी पाणी साठवलं, आणि सकाळपर्यंत ओल रेघेबाहेर गेली होती. दोषी फरशी : भिंत आणि जमीन मिळते तो कोपरा, किंवा ट्रॅपचा गळा. नुसत्या जुन्या फटी ग्राउटने (टाइलमधल्या सांध्यांत भरायच्या मसाल्याने) भरून हे थांबणार नाही, कारण ग्राउट पाणी अडवत नाही, हळूहळू पाझरू देतं. टाइल आणि ग्राउट हे वरचं पांघरूण, पाणी अडवायचं ते खालच्या जलरोधक लेपाने. पूर्ण फरशी काढायची ठरली.

१४ एप्रिल : हिशेब, सामान आणि घराची घडी

भिंतीचा घेर ७.८ मीटर, टाइल २.१ मीटर उंचीपर्यंत, म्हणजे १६.४ चौ.मी. दार आणि खिडकी वजा जाता १४.४. तुकडे आणि फूट धरून १० टक्के जास्त : १५.९ चौ.मी. ३०० × ६०० मिमीच्या ८९ टाइल्स. जमीन ३.६ चौ.मी., पण ढाळामुळे तिरके तुकडे जास्त निघतात म्हणून १५ टक्के वाढ, ३०० × ३०० मिमीच्या ४६. सगळ्या खोक्यांवरचा बॅच नंबर आणि शेड एकच आहे हे घेतानाच पाहायचं. नंतर आणलेलं एकच खोकं भिंतीवर वेगळं उठून दिसतं. दोन-चार टाइल्स पुढच्या दुरुस्तीसाठी माळ्यावर राहतील.

जमिनीला मोठी टाइल घेतली नाही. ट्रॅपच्या दिशेने दोन बाजूंनी ढाळ द्यायचा तर ६०० ची टाइल वाकत नाही, मग कडा वर-खाली राहतात आणि पाय अडखळतो. पृष्ठभाग खरबरीत, आर-११ प्रतीचा (ही पाय न घसरण्याची प्रत). गुळगुळीत चकाकी भिंतीवर शोभते, ओल्या जमिनीवर ती धोक्याची आहे.

चिकटवण्यासाठी पॉलिमरयुक्त अ‍ॅडेसिव्ह, चौरस मीटरला साधारण साडेचार किलो, म्हणून २० किलोच्या पाच गोण्या. ग्राउट सांध्याच्या मापावरून काढलं : भिंतीला २ मिमी, जमिनीला ३ मिमी, मिळून तीन किलो.

घराची घडी हा या कामातला अर्धा भाग. लहान बाथरूमवर सगळ्यांचा भार येणार, तेव्हा सकाळच्या वेळा कागदावर लिहून दाराला लावल्या. आधी ज्यांना बाहेर पडायचं ते, मग आजी-आजोबा, शेवटी मुलं. आजींना रात्री उठावं लागतं म्हणून त्यांच्या खोलीपासून लहान बाथरूमपर्यंतची वाट कायम मोकळी राहील, तिथे गोणी किंवा अवजार ठेवायचं नाही. ड्रिल आणि ग्राइंडर दुपारी १ ते ४ बंद. कामाच्या दाराला प्लॅस्टिकचे दोन पडदे, एक आत एक बाहेर, आणि उंबऱ्याबाहेर ओलं पोतं. चपला तिथेच काढायच्या. पडदा एकच असला तर माणूस आत-बाहेर करताना प्रत्येक वेळी धुळीचा लोट घरात येतो.

सुट्टीतल्या सहलीही याच कागदावर आहेत. बांधकामात थांबण्याचे दिवस असतात : कोबा (टाइलखालचा सिमेंट-वाळूचा थर) पाणी पितो, लेप वाळतो, अ‍ॅडेसिव्ह धरतं. या दिवसांत घाई केली तर काम बिघडतं आणि घरात बसलं तर चिडचिड होते. सहली नेमक्या तिथेच बसवल्या. उलट क्रमाने, म्हणजे सहलीची तारीख आधी धरून काम तिच्यात कोंबलं, तर ओल्या कोब्यावर लेप चढतो.

१८ एप्रिल : तोडफोड

सुरुवात मेन व्हॉल्व्ह आणि त्या बाथरूमचा विजेचा एमसीबी (सर्किटचा स्वयंचलित स्विच) बंद करून. ट्रॅप आणि कमोडचं तोंड कापड कोंबून वरून टेपने बंद केलं. तोडफोडीत गेलेला एक सिमेंटचा गोळा पुढे कायमचा तुंबा करतो.

भिंतीच्या टाइल्स वरून खाली, जमिनीच्या शेवटी. छिन्नी सपाट धरायची, सरळ आत ठोकायची नाही, नाहीतर पलीकडच्या खोलीचं प्लास्टर सुटतं. धूळ साधी नसते. जुन्या गिलाव्यात आणि टाइलमध्ये सिलिका असते, ती फुफ्फुसात साठते. कापाकाप पाणी मारत, तोंडाला एन-९५ किंवा त्याहून चांगला मास्क, डोळ्याला चष्मा. कापडी रुमाल यात उपयोगाचा नाही.

राड्याचा अंदाज लोक नेहमी कमी धरतात. १८ चौ.मी. टाइल आणि खालचा मसाला मिळून ३ सेंमी जाड धरला तरी अर्धा घनमीटर, म्हणजे टनभर वजन. गोण्या अर्ध्याच भरल्या, २५ किलोच्या आसपास, म्हणजे चाळीसहून जास्त. हा ढीग गॅलरीत एका जागी रचायचा नाही, स्लॅबवर एकवटलेला भार येतो. रोजच्या रोज खाली.

पलीकडच्या बेडरूमचं भिजलेलं प्लास्टरही आजच काढलं, डागाच्या कडेपासून ३० सेंमी पुढपर्यंत. विटा आतापासून उघड्या राहिल्या तर उन्हाळ्याची हवा त्यांना सुकवेल.

२० एप्रिल : ट्रॅपचा गळा

अपेक्षेप्रमाणे दोष इथेच. स्लॅबमधून पाइप जातो त्या भोवतीची पोकळी साध्या सिमेंट-वाळूने बुजवलेली होती. साधा मसाला सुकताना आकसतो, आणि गुळगुळीत प्लॅस्टिकला सिमेंट मुळात धरत नाही. दोन्ही मिळून पाइपभोवती केसाएवढी गोल फट राहते आणि रोजचं पाणी तिच्यातून उतरतं.

दुरुस्ती : सैल मसाला पूर्ण खोदून काढला. नवा यूपीव्हीसी (कडक प्लॅस्टिकचा) ट्रॅप, पाण्याची सील, म्हणजे आत साठून राहणारं पाणी, ५० मिमी. याहून उथळ सील उन्हाळ्यात लवकर आटते आणि घाण वास येतो. स्लॅबमध्ये जाणारा पाइपचा भाग जाड पॉलिश पेपरने घासून खरबरीत केला, खालून फळी लावली, पोकळी ओली करून न आकसणारा ग्राउट ओतला. ट्रॅपकडून पुढे जाणारा ७५ मिमी पाइप मीटरला २ सेंमी उतारावर. कमोडचा ११० मिमी पाइप तपासून तसाच ठेवला.

२३ एप्रिल : नळाची लाइन

गरम-थंड दोन्ही लाइन सीपीव्हीसीच्या (गरम पाणी सोसणाऱ्या प्लॅस्टिकच्या). समोर उभं राहिल्यावर गरम डावीकडे, थंड उजवीकडे, मिक्सरच्या (गरम-थंड पाणी मिसळणाऱ्या नळाच्या) दोन तोंडांत मध्यापासून मध्यापर्यंत १५० मिमी. हे माप चुकलं तर मिक्सर वाकड्या जोडण्यांवर तिरका बसतो, म्हणून दोन्ही तोंडं एका पट्टीवर लेव्हलमध्ये बांधून मगच चर भरायचा. तोंडं टाइलच्या तयार पातळीशी यायला हवीत. गिलावा, अ‍ॅडेसिव्ह आणि टाइल यांची जाडी आधीच मोजून घ्या, नाहीतर नंतर एक्स्टेन्शन निपलांची माळ लागते.

सांधा जोडताना : पाइप काटकोनात कापायचा, आतली-बाहेरची बोंडं (कापल्यावर उरलेले कंगोरे) काढायची, किती आत जाणार त्याची खूण करायची, सॉल्व्हंट सिमेंट पाइपला आणि फिटिंगला दोन्हीकडे लावून पाव वळसा देत आत सारायचं, अर्धा मिनिट दाबून धरायचं. ही शेवटची पायरी बहुतेक जण गाळतात आणि पाइप अलगद मागे सरकतो. यूपीव्हीसीचं सिमेंट सीपीव्हीसीला चालत नाही. गरम पाण्याच्या लाइनला तर नाहीच. आट्याच्या ठिकाणी पितळी आट्याचीच फिटिंग, टेफ्लॉन टेप आट्याच्या दिशेने. जोर लावून आवळलं तर प्लॅस्टिकची बाजू चिरते, आणि ती चीर गरम पाणी सुरू झाल्यावरच कळते.

२५ एप्रिल : दाब चाचणी आणि वीज

सांधे दिवसभर सुकल्यावर हातपंपाने लाइनमध्ये पाणी भरलं. आधी सगळी हवा बाहेर काढायची. नेहमीच्या दाबाच्या दीडपट दाब ठेवून दोन तास काटा पाहिला. सुरुवातीला काटा किंचित खाली येतो, कारण दाबाने पाइप जरासा फुगतो. तेव्हा पुन्हा दाब भरायचा आणि तिथून वेळ मोजायची. ही चाचणी हवेच्या कॉम्प्रेसरने कधीच करू नये. दाबलेल्या हवेत सीपीव्हीसी फुटला तर त्याचे तुकडे उडतात.

चर बुजवण्याआधी प्रत्येक भिंतीचे फोटो, मोजपट्टी जमिनीपासून उभी धरून. पुढे आधाराचा दांडा बसवताना भोक कुठे पाडायचं नाही हे हेच फोटो सांगतील.

विजेला गीझर आणि प्रकाशासाठी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळाली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच), त्याचं टेस्ट बटण दाबून पाहिलं. स्विच बाथरूमच्या बाहेर. एक्झॉस्ट फॅनचा हिशेब सोपा : खोली ८.६ घनमीटर, तासाला आठ वेळा हवा बदलायची तर ७० घनमीटर प्रति तास. पण हवा बाहेर जायला आत यायची वाटही हवी, म्हणून दाराखाली १ सेंमी फट.

२७ एप्रिल : ढाळाचा कोबा

ट्रॅप एका कोपऱ्यात, सर्वांत लांबचा कोपरा तिथून २.८३ मीटर. १:८० ढाळाने तिथली उंची ३५ मिमी जास्त. ट्रॅपपाशी कोबा २५ मिमी धरला तर लांबच्या कोपऱ्यात ६०. सिमेंट-वाळू १:४, सिमेंट सुमारे सव्वा गोणी. चारही भिंतींवर पाणपातळीने खूण, तिथून सूत ओढून ठिय्ये (पातळी दाखवणारे मसाल्याचे गोळे), मग रंधा. मसाला मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा, पाणी सुटू नये. पातळ मसाल्यात ढाळ वाहून जातो आणि तडेही जास्त.

भिंत-जमिनीच्या कोनात ४ सेंमीचा वाटा काढला, म्हणजे कोपरा गोलसर झाला. लेप काटकोनात फाटतो, गोलाईवर टिकतो.

लेप कोब्याखाली असावा की वर, यावर मिस्त्र्यांत दोन तट आहेत. आमची बाजू स्पष्ट आहे : कोब्यावर, टाइलच्या लगेच खाली. लेप खाली असला तर ग्राउटमधून झिरपलेलं पाणी कोब्यात साठून राहतं, टाइलखाली कायम ओल आणि वास. वर असला तर तेच पाणी ढाळावरून ट्रॅपकडे निघून जातं.

उन्हात कोबा वरून लवकर कोरडा पडतो आणि आतून कच्चा राहतो. काम सकाळी ९ च्या आत उरकलं, संध्याकाळपासून ओलं पोतं आणि वर प्लॅस्टिक. पुढे सात दिवस रोज दोनदा पाणी.

१ मे : पहिली सहल, दिवसाची

प्लॅस्टिकखाली ओल टिकते, त्यामुळे सकाळी ६ ला पाणी मारून निघालं आणि रात्री परत मारलं तर कोब्याचं काही बिघडत नाही. ठिकाण सावली आणि पाणी असलेलं, जायला दीड तासाच्या आत. १० ते ४ ऊन सर्वांत तीव्र, तेव्हा चालणं-खेळणं त्याआधी किंवा नंतर, मधे सावलीत बैठक.

निघण्यापूर्वी घरातले सगळे नळ बंद करून, मेन व्हॉल्व्ह उघडाच ठेवून मीटरचा फोटो. परत आल्यावर पुन्हा फोटो. घर रिकामं असलं की लाइनची अशी फुकट तपासणी होते, दिवसाच्या प्रत्येक सहलीला ही करायची.

थंड पेटीत सुटा बर्फ भरण्यापेक्षा आदल्या रात्री गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्या. मोठा गोळा हळू वितळतो आणि वितळला की प्यायला येतो. पेटी आणि आतलं सामान आधीच गार हवं, कोमट डबे ठेवले तर अर्धा बर्फ त्यांना थंड करण्यातच संपतो. शिजवलेलं अन्न बाहेर दोन तास, ३२ अंशांच्या वर उष्मा असेल तर एकच तास. क्षारसंजीवनी घरी करायची तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. मीठ जास्त झालं तर लहान मुलांना ते घातक, माप नजरेने घेऊ नये. बंद गाडी दहा मिनिटांत दहा अंशांहून जास्त तापते, मुलांना किंवा वयस्कांना "आलोच" म्हणून आत ठेवायचं नाही.

६ मे : लेप

कोबा वरून पांढरट, कोरडा. झाडून, ओल्या फडक्याने धूळ उचलून, पृष्ठभाग दमट करून पहिला हात. पॉलिमर आणि सिमेंटचा दोन घटकांचा लेप, पाकिटावरच्या प्रमाणातच, वरून पाणी नाही. सर्व भिंतींवर ३० सेंमी वर, शॉवरच्या कोपऱ्यात १.८ मीटरपर्यंत. एकूण साडेआठ चौ.मी. वाट्यावर आणि ट्रॅपच्या गळ्याला ओल्या लेपातच फायबरची जाळी दाबली. दुसरा हात पहिला वाळल्यावर, सहा तासांनी, आडव्या दिशेने. दोन हातांचे ब्रश काटकोनात फिरले की पहिल्यातली सुईची भोकं झाकली जातात. तापलेल्या पृष्ठभागावर लेपाला फोड येतात, म्हणून पहिला हात पहाटे, दुसरा दुपार कलल्यावर.

१० मे : पाणी भरून चाचणी

तीन दिवस वाळल्यावर ट्रॅपला फुगणारं बूच लावलं, उंबऱ्याला मसाल्याचा तात्पुरता बांध. सर्वांत उंच कोपऱ्यावर १ सेंमी पाणी चढेपर्यंत भरलं, ट्रॅपपाशी ते साडेचार सेंमी. मुदत ४८ तास.

उन्हाळ्यात इथे हमखास गोंधळ होतो. पाणी दोन दिवसांत काही मिलिमीटर खाली जातं आणि लेप गळतो अशी ओरड होते, किंवा खरी गळती "वाफ झाली" म्हणून खपवली जाते. उपाय साधा : त्याच खोलीत पाण्याने भरलेला पसरट ट्रे ठेवायचा, त्याची आणि जमिनीच्या पाण्याची पातळी टेपवर आखायची. दोन्ही सारखी उतरली तर ती वाफ. जमिनीची जास्त उतरली तर गळती.

पहिले तीन तास घरीच, पलीकडच्या उघड्या विटा आणि खालच्या मजल्याचं छत पाहत. भगदाड असेल तर एवढ्यात दिसतं. त्यानंतर अर्ध्या दिवसाची सहल, पोहण्याच्या तलावावर. मुक्कामाला मात्र या चाचणीत जायचं नाही. गळती सापडली तर बूच काढायला कोणीतरी हवं.

१२ मे

दोन्ही खुणा सारख्याच उतरलेल्या. विटा कोरड्या. बूच काढलं, सगळं पाणी स्वतःहून गेलं, कुठे डबकं नाही. आता लेपावर अनवाणी किंवा रबरी तळव्यानेच जायचं, खाली जुनी चादर. पडलेली एक छिन्नी या सगळ्या कामावर पाणी फिरवू शकते.

१५ मे : टाइल्स

गिलावा दोन मीटरच्या पट्टीने तपासला, ३ मिमीपेक्षा जास्त खळगा नाही. भिंतीची सुरुवात दुसऱ्या ओळीपासून, खाली लाकडी पट्टी लेव्हलमध्ये ठोकून, पण लेप असलेल्या भागात खिळा न मारता टेकू देऊन. सर्वांत खालची ओळ जमिनीनंतर, म्हणजे ती जमिनीच्या टाइलवर येते आणि भिंतीवरून उतरणारं पाणी सांध्यात न शिरता ढाळावर पडतं.

कमी पाणी शोषणारी व्हिट्रिफाइड टाइल भिजत घालायची नाही. अ‍ॅडेसिव्ह दातेरी थापीने एकाच दिशेने ओढायचं. गोल फिरवलं तर हवा अडकते. जमिनीला टाइलच्या पाठीलाही पातळ हात. अधूनमधून बसवलेली एक टाइल उचलून पाहायची : ओल्या जागी ९५ टक्के पाठ भरलेली हवी. उष्म्यात अ‍ॅडेसिव्हवर वीस मिनिटांच्या आतच साय धरते. बोट लावल्यावर चिकटलं नाही तर ते खरवडून टाकायचं, वर पाणी शिंपडून चालवून घ्यायचं नाही. एका वेळी एक चौ.मी.पेक्षा जास्त लावू नये.

भिंत-जमीन आणि भिंत-भिंत कोपऱ्यांत ५ मिमी जागा मोकळी. तिथे ग्राउट भरलं की घराच्या हालचालीने ते वर्षभरात चिरतंच.

१८ मे : ग्राउट, आणि मुक्कामाची सहल

लाकडी मुठीने प्रत्येक टाइल ठोकून ऐकली. पोकळ वाजणाऱ्या आत्ताच काढायच्या, ग्राउट झाल्यावर शेजारच्याही फुटतात. जमिनीला इपॉक्सी, भिंतीला सिमेंटचं ग्राउट. इपॉक्सी भरायला वेळखाऊ आहे, थोडं थोडंच कालवायचं, आणि पृष्ठभागावरचा थर वाळण्याआधीच पुसायचा. पण डाग आणि आम्ल दोन्ही सोसतं, जमिनीला तेच हवं.

आता बाथरूमला तीन दिवस हात लावायचा नाही. दोन मुक्कामांची सहल इथेच. मेन व्हॉल्व्ह बंद, गीझरचा एमसीबी बंद, बाथरूमची खिडकी उघडी आणि जाळी लावलेली, म्हणजे इपॉक्सीचा वास घरात कोंडत नाही. उरलेलं हार्डनर, सॉल्व्हंट सिमेंट कुलपात.

२३ मे : फिटिंग, आधाराचे दांडे, सिलिकॉन

दांडे आजी-आजोबांसाठी : कमोडच्या बाजूला आणि शॉवरपाशी, जमिनीपासून ८५ सेंमीवर, जाडी ३५ मिमी, भिंतीपासून अंतर ३८ मिमी. याहून जास्त अंतर असलं तर घसरलेला हात त्यात कोपरापर्यंत अडकू शकतो. २५ एप्रिलचे फोटो पाहून भोकं. टाइलमध्ये हिऱ्याच्या बिटने, हॅमर बंद, पाणी सोडत. टाइल पार झाल्यावर मगच हॅमर. टाइलला चिकटवलेला किंवा शोषून धरणारा दांडा माणसाचं वजन पेलेल याचा भरवसा नाही.

कोपऱ्यांत बुरशीरोधक न्यूट्रल सिलिकॉन. व्हिनेगरसारखा वास येतो ते आरशामागे वापरू नये, चांदीचा थर काळा पडतो. सांधा पूर्ण कोरडा, दोन्ही कडांना टेप, एका दमात भरून ओल्या बोटाने ओढलं, टेप ओलं असतानाच काढली. एक दिवस पाणी नाही.

३० मे : पलीकडची भिंत

बेडरूमच्या नव्या प्लास्टरला महिना झाला नाही तोवर रंग नाही. आज ४५ सेंमीचे प्लॅस्टिकचे दोन चौकोनी तुकडे, एक वर आणि एक जमिनीलगत, चारही बाजूंनी टेपने घट्ट लावले. सोळा तासांनी आतून दव दिसलं किंवा भिंत गडद झाली तर थांबायचं.

३१ मे

वरचा तुकडा कोरडा. जमिनीलगत लावलेल्या दुसऱ्या तुकड्याखाली अजून बारीक दव. विटांमधलं जुनं पाणी निघतंय, बाथरूम रोज वापरूनही कड वर सरकलेली नाही. खिडकी उघडी, पंखा भिंतीकडे, पलंग भिंतीपासून हातभर दूर. क्षार कोरड्या ब्रशने झाडायचा. धुतला तर विरघळून परत आत जातो. तुकडा दर आठवड्याला लावून पाहायचा, प्रायमरचा डबा तोवर बंद.